पाबे घाटातली कातरवेळ

पद्मजा भोयर यांनी बावीस वर्षं माणसं कापली. नारायण पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत त्यांचं तेच काम होतं. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, लग्नाच्या अल्बमात नको तिथे घुसलेला मामा, हे सगळं पोलादी कटरखाली सरळ रेषेत कापायचं. पुढे कॉम्प्युटर आला आणि कटरच्या जागी माउस आला, एवढाच फरक. स्टुडिओचे मालक तिरकस बोलण्यात पटाईत होते, पण तेसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचे, "फोटो मी काढलाय, म्हणून तक्रार माझ्याकडे करा. कापलाय भोयरबाईंनी, तिथे तक्रारीला जागा नाही."

लग्न करून हिंगणघाटहून त्या पुण्यात आल्या ते अठ्ठ्याऐंशी साल होतं. नवरा, अनंतराव, हडपसरच्या एका कारखान्यात मिलिंग मशीनवर होते. मुलगी श्रद्धा शाळेत जायला लागल्यावर पद्मजाबाईंनी स्टुडिओ धरला, तो बंद पडेपर्यंत सोडला नाही. बंद पडला तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. मालकांनी निरोपाचं म्हणून एक जुना कॅमेरा दिला. त्या पहिल्याच आठवड्यात तो घेऊन बसने दिवे घाटात गेल्या आणि अंधार पडेपर्यंत डोंगरांचे फोटो काढत बसल्या.

डोंगरच का, असं श्रद्धाने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डोंगर डोळे मिटत नाहीत. आणि हसा म्हणून सांगावं लागत नाही."

त्यांना संध्याकाळच हवी असे. तीही सूर्य बुडाल्यानंतरची पंचवीस-तीस मिनिटं. सूर्य असताना सगळेच फोटो काढतात. तो गेल्यावर डोंगरांच्या रांगा एकामागून एक सुट्या होतात, पुढची काळी, त्यामागची जांभळी, त्यामागची राखाडी, आणि शेवटची आहे की नाही असा संशय येण्याइतकी पुसट. कुठली रांग ठेवायची, कुठली सोडायची, आकाश किती आणि दरी किती, हे ठरवण्यात त्यांना स्टुडिओतल्या कामाचंच सुख मिळे. फक्त इथे मामा नसे.

त्या सह्यरंग छायाचित्र मंडळाच्या सभासद झाल्या. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन नारायण पेठेतल्याच एका सभागृहात भरायचं. गेल्या आठ वर्षांत पद्मजाबाईंना सहा वेळा उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं होतं. पहिल्या वेळी त्यांनी ते चौकट करून भिंतीवर लावलं. दुसऱ्या वेळी कपाटात ठेवलं. पुढची चार कुठे आहेत ते त्यांना विचारू नये, असं घरात सगळ्यांना कळलं होतं.

अनंतराव निवृत्त झाले आणि बायकोबरोबर निघू लागले. स्कूटर त्यांची, ट्रायपॉड खांद्यावर घेणार ते, थर्मासमधला चहा ओतणार ते. फोटोत त्यांना काडीचा रस नव्हता. ते कठड्यावर बसून शेंगदाणे खात आणि बोलत. कारखान्यातल्या गोष्टी, हिंगणघाटच्या गोष्टी, समोरून गेलेल्या ट्रकच्या नंबरची बेरीज. चाळीस वर्षं पुण्यात राहूनही बायकोशी बोलताना त्यांची भाषा वर्धा नदी ओलांडून परत जाई. पद्मजाबाईंना शांतता हवी असे. म्हणून एक दिवस त्यांनी स्टुडिओवाला जुना कॅमेरा नवऱ्याच्या गळ्यात अडकवला. त्यांनी स्वतः आता नवा घेतला होता. "हे बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि फोटो काढताना बोलायचं नसतं."

"काऊन? डोंगर हलते का बोलल्यानं?"

"माझा हात हलतो."

गेल्या जानेवारीत दोघं पाबे घाटात गेले. घाटाच्या माथ्यावरून समोर तोरणा दिसतो, खाली वेल्ह्याकडची शेतं आणि घरं. पद्मजाबाईंनी नेहमीची जागा धरली, ट्रायपॉड लावला, तोरण्याचा माथा चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागावर आणला, क्षितिज खालच्या तिसऱ्या भागावर आणलं, आणि वाकून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे घातले. अनंतराव मागे कुठेतरी फिरत होते. सूर्य गेला, रंग आला, रंग गेला. त्यांनी चौदा फोटो काढले. परतताना त्या खूश होत्या. सगळं जिथल्या तिथे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं कॉम्प्युटरवर उतरवली. स्वतःचे चौदा पाहिले. मग सहज नवऱ्याचे उघडले. पहिले सहा आभाळाचे आणि स्वतःच्या बुटाचे होते. सातवा उघडला आणि त्यांचा माउसवरचा हात थांबला.

फोटो तिरका होता. क्षितिज एका बाजूला कलंडलेलं. डावीकडच्या भागात ट्रायपॉडवर वाकलेली एक बाई पाठमोरी उभी होती, त्या स्वतः. पण उजवीकडे डोंगरांच्या चार रांगा होत्या आणि दुसऱ्या व तिसऱ्या रांगेच्या मध्ये खालून आलेला धूर आडवा पसरला होता. कुणीतरी शेतात पालापाचोळा पेटवला असणार. त्या धुरावर आकाशातला शेवटचा तांबूस रंग उतरला होता. धुराखाली गावातले दोन दिवे नुकते लागले होते. पद्मजाबाईंच्या चौदा फोटोंत तो धूर नव्हता. तो त्यांच्या चौकटीच्या बाहेर, जरा उजवीकडे होता आणि त्या पडद्यात वाकल्या होत्या.

"अहो," त्यांनी हाक मारली, "इकडे या. फोटो कसा कापतात ते दाखवते."

अनंतराव चष्मा शोधत आले. पद्मजाबाईंनी आधी क्षितिज सरळ केलं. मग डावी बाजू कापली, स्वतःच्या पाठीसकट. आडवा फोटो जवळजवळ चौकोनी झाला. वरचं रिकामं आकाश दोन बोटं कमी केलं, त्याबरोबर धूर वर सरकला आणि दिवे अगदी खालच्या कोपऱ्यात जाऊन बसले. अजून एक केसभर उजवीकडून. बस्स. त्या मागे रेलल्या. स्टुडिओ सुटल्यापासून इतकं सुंदर कापलं नव्हतं.

"वा," अनंतराव म्हणाले. "हा मी काढला?"

"हा तुम्ही काढलात," पद्मजाबाई म्हणाल्या. त्या क्षणी त्यांच्या मनात उदारपणा होता, हे खरं आहे. मंडळाच्या स्पर्धेत सभासदाला पाच आणि त्याच्या घरच्यांना एक फोटो देता येत असे. त्यांनी पाच स्वतःचे दिले, त्यात पाबे घाटातला तोरणाही होता, आणि सहावा नवऱ्याच्या नावाने दिला. कोपऱ्यात कुठेतरी लागेल, यांना बरं वाटेल, असा विचार.

निकालाचा फोन सकाळी आला. मंडळाचा सचिव तेजस हिंजवडीत आयटीत होता आणि कंपनीच्या बसमधून फोन करायचा, त्यामुळे तो नेहमी ओरडून बोले. "काकू, कॉन्ग्रॅच्युलेशन्स! काकांना द्या ना फोन!"

"काकांना कशाला?"

"अहो फर्स्ट प्राइज! पाबे घाट! परीक्षकांना नावं माहीतच नव्हती, सगळी झाकलेली असतात. ते म्हणाले, हा एक फोटो बाकी सगळ्यांच्या पुढे आहे. तुमचाही आहे काकू, उत्तेजनार्थ. तोच डोंगर, सेम संध्याकाळ. किती क्यूट ना?"

पद्मजाबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि गॅसवरचं दूध पाहायला गेल्या. दूध उतू चाललं होतं. त्यांनी ते जाऊ दिलं.

पुढचे चार दिवस त्यांना फार जड गेले. सोसायटीतल्या बायका त्यांचं अभिनंदन करत, पण ते नवऱ्याबद्दल असे. हिंगणघाटहून नणंदेचा फोन आला, तोही भावासाठी. अनंतराव सगळ्यांना एकच सांगत, "काही नाही हो, बटण दाबलं न् आलं." ते 'आलं' पद्मजाबाईंच्या डोक्यात घुसून बसलं. दहा वर्षं त्या घाटाघाटांतून उभ्या राहिल्या होत्या. थंडीत बोटं बधिर झाली, पायात काटे मोडले, एकदा बसच चुकली आणि दुधाच्या टेम्पोतून हडपसरला यावं लागलं. यांचं आपलं आलं.

त्यांना नवऱ्याचं सगळंच खटकायला लागलं. बशीतून चहा पिण्याचा आवाज. वर्तमानपत्र घडी न घालता टाकणं. आरशासमोर उभं राहून भांग पाडताना गुणगुणणं तर त्यांना सहनच होईना. एवढा वेळ भांग पाडण्याइतके केसही नव्हते.

मंडळाच्या बैठकीत एक जुने सभासद म्हणाले, "चला, बक्षीस घराबाहेर गेलं नाही, हे महत्त्वाचं." पद्मजाबाई हसल्या. मग तेजसला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तो फोटो कापलाय मी. मूळ फोटो तसा नव्हता."

"हो का? सो स्वीट! तुम्ही काकांना हेल्प केलीत."

हेल्प! त्या पायी लक्ष्मी रोडपर्यंत आल्या, तरी राग उतरला नाही.

आणि मग तेजसचा मेसेज आला. नियमाप्रमाणे विजेत्यांनी मूळ फाइल चार दिवसांत पाठवायची होती. धूर मागाहून चिकटवला नाही ना, दोन फोटो जोडले नाहीत ना, हे मंडळ तपासून घेत असे. फाइल पद्मजाबाईंच्या कॉम्प्युटरवर होती. पाठवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, "बघते." दुसऱ्या दिवशी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तेजसने फोन केला तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, सापडत नाहीये. कार्ड फॉरमॅट झालं असावं माझ्याकडून."

पलीकडे तेजसचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मग म्हणाला, "काकू, मग प्रॉब्लेम आहे. ओरिजिनल नसेल तर बाद करावा लागेल. म्हणजे सेकंड तो फर्स्ट होणार, थर्ड तो सेकंड, आणि उत्तेजनार्थमध्ये सगळ्यात वर तुमचा आहे, तो थर्ड. उद्या संध्याकाळपर्यंत बघा. मला खूप वाईट वाटतंय काकांसाठी."

तिसरं बक्षीस. फोन ठेवल्यावर पद्मजाबाईंच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हेच, आणि नंतर कितीही वेळा त्यांनी तो क्षण आठवला तरी त्याचा क्रम बदलला नाही.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. कार्ड पुसलं गेलं, बक्षीस बहुतेक जाणार. अनंतरावांनी घास तसाच हातात धरला. "बरं," ते म्हणाले. "जाऊ दे." आणि जेवण पुरं केलं. पद्मजाबाईंना वाटलं, पाहा, यांना काही फरक पडत नाही. माझं असतं तर मी रात्रभर रडले असते. फरक पडत नाही त्यालाच मिळतं, हाच तर अन्याय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाजी घेऊन आल्या तेव्हा दिवाणखान्यात सगळे ड्रॉवर उपसलेले होते. कॅमेऱ्याच्या बॅगा उलट्या केलेल्या. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून अनंतरावांनी घरातली जुनी-नवी सगळी कार्डं एका ओळीत मांडली होती आणि भिंगातून एकेकावरचं बारीक लिखाण वाचत होते. शेजारी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडं होतं. ते इंग्रजीत होतं. अनंतरावांनी समजेल तेवढं पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं.

"हे काय चाललंय?"

"पुसलेलं परत येते म्हणते. यात लिहिलं हाय काहीतरी." त्यांनी मान वर केली नाही. "मी भांडेकरले सांगितलं होतं. आमच्या शॉपमधला, माह्या बाजूच्या मशीनवरचा. तो येतो म्हणाला प्रदर्शनाले, बायकोले घेऊन. आता त्याले काय सांगू?"

पद्मजाबाई पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"पद्मा, तुले माहीत नसन. अडतीस वर्षं मी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जॉब कापले. साहेब रेघ मारणार, मी तेवढं कापणार. एक सूत इकडे नाही, तिकडे नाही. हा एक फोटो मी माह्या मनानं काढला. कोणी सांगितलं नव्हतं, इथे उभा राय म्हणून." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणून थोडं लागलं. बाकी काही नाही."

आपणही बावीस वर्षं दुसऱ्याने काढलेलं कापलं, हे पद्मजाबाईंना त्याच वेळी सुचलं.  त्या पिशवी ओट्यावर ठेवून आल्या, कॉम्प्युटर चालू केला, आणि मूळ फाइल उघडून पडद्यासमोरून बाजूला झाल्या.

"कार्ड पुसलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "फाइल इथेच होती. मी खोटं बोलले."

अनंतराव उठून पडद्याजवळ आले. आधी त्यांनी फोटोच पाहिला. बक्षीस मिळालेला कापीव तुकडा बघून बघून त्यांना मूळ फोटो जणू विसरायला झाला होता.  मग त्यांनी डाव्या बाजूच्या पाठमोऱ्या बाईवर बोट ठेवलं.

"ही कुठं गेली त्या बक्षीसवाल्यातून?"

"कापली."

"काऊन?"

"डोंगराचा फोटो होता तो."

"डोंगराचा नव्हता," अनंतराव म्हणाले. "तुझा होता. मी तुझा काढत होतो. डोंगर मागे होते, ते आले."

त्यानंतर त्यांना खोटं बोलण्याचा अर्थ लागला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला. "काऊन खोटं बोलली?" त्यांनी विचारलं.

खरं उत्तर फार छोटं होतं. "मला मिळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मिळालं. मला बघवलं नाही."

 अनंतराव चपला घालून बाहेर गेले आणि दुपारी जेवायच्या वेळेला आले. पद्मजाबाईंनी तोपर्यंत फाइल पाठवली होती आणि तेजसला फोन करून सांगितलं होतं, "कार्ड पुसलं गेलं नव्हतं. मी मुद्दाम थांबले होते." तेजसला पहिल्यांदाच काय म्हणावं ते इंग्रजीतही सुचलं नाही. "ओके काकू," एवढंच तो म्हणाला. अनंतराव दोन दिवस कामापुरतंच बोलले. मीठ द्या, पंखा बंद करा. बायकोला ते आयुष्यात पहिल्यांदा 'द्या' म्हणाले, आणि त्या 'द्या'ने पद्मजाबाईंना जेवढं लागलं तेवढं त्यांच्या शिव्यांनीही लागलं नसतं.

समारंभाला भांडेकर जोडपं आलं. पहिल्या रांगेत बसलं. परीक्षकांनी शिकवण्यासाठी म्हणून मूळ फोटो आणि कापलेला फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. क्षितिज कसं सरळ केलं, आकाश कुठे कमी केलं, धूर कसा वर आणला, हे ते काठीने दाखवत गेले. "ही कातर फार जाणत्या हाताची आहे," ते म्हणाले. पद्मजाबाईंची पाठ आपोआप ताठ झाली. "भोयरसाहेब, कुठे शिकलात?"

अनंतराव माइकजवळ आले. त्यांनी घसा साफ केला. "कापला हिनं," ते म्हणाले. "पण साहेब, मी काढला होता हिचा फोटो. हिनं स्वतःलेच कापून टाकलं."

सभागृह खदखदून हसलं आणि मग टाळ्या वाजल्या, बक्षिसाच्या वेळी वाजल्या होत्या त्यापेक्षा जास्त. परीक्षकही हसले. डोळे पुसत म्हणाले, की खरं सांगायचं तर बाईंसकट फोटोच त्यांना जास्त आवडेल, घरी लावायला तरी. लोकांनी वळून पद्मजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान लववून हात जोडले. त्यांचं नाव घेतलं गेलं होतं, त्यांच्या हाताचं कौतुक झालं होतं, नवऱ्याने चारचौघांत त्यांना श्रेय दिलं होतं. तरीही त्यांच्या मनात आलं ते वेगळंच. टाळ्या यांच्या वाक्यालाच पडल्या ना? कापायला चाळीस मिनिटं लागली होती, वाक्य मात्र सहज आलं.

मग सातवं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र घ्यायला त्या मंचावर गेल्या. उतरताना पायरीवर अनंतरावांनी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, कारण पायरी उंच होती.

घरी येताना स्कूटरवर अनंतराव म्हणाले, "भांडेकरची बायको म्हणे, तुमची मिसेस फार गुणी आहे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, गुणी हाय. पण डोळ्यात तेल घालून नजर ठेवा लागते."

पद्मजाबाईंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, म्हणून त्यांनी ते अडवलं नाही.

आता दोघं दर पंधरा दिवसांनी जातात. अनंतराव पन्नास पावलं लांब उभे राहतात, ही पद्मजाबाईंची अट आहे. ते कुठे वळलेत हे त्या मधूनमधून चोरून पाहतात. गेल्या वर्षभरात अनंतरावांनी काढलेले बहुतेक फोटो हललेले आहेत, आणि घरी आल्यावर ते पाहताना पद्मजाबाईंना जो आनंद होतो तो त्या लपवत नाहीत. "हात थरथरतोय तुमचा," त्या म्हणतात. "बटण दाबलं न् गेलं."

परवा मंडळाच्या स्पर्धेचा नवा अर्ज आला. अनंतरावांनी तो स्वतः भरायला घेतला, जेवणाच्या टेबलावर, चष्मा नाकावर ओढून. फोटो त्यांनी नारायण पेठेतल्या एका दुकानात जाऊन परस्पर छापून आणला होता आणि पाकिटात घालून अर्जाखाली ठेवला होता.

"कुठला आहे?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"हाय एक."

"कापायचाय का?"

"नाही. जसा हाय तसा."

"बघू तरी."

अनंतरावांनी पाकिटावर तळहात ठेवला. "निकालात कळन."

पद्मजाबाईंनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. मग आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला आणि आपले पाच निवडायला वर्षभराचे सगळे फोटो पहिल्यापासून पाहायला बसल्या.